गार्ड भगवंतरावांचा अर्धा मैल

बडनेरा जंक्शनवर मालगाडीचे गार्ड असलेले भगवंतराव पोहरे आपल्या पोटाची थट्टा दुसऱ्याच्या आधी स्वतःच करून टाकत. ब्रेकव्हॅनच्या पायऱ्या चढताना धाप लागली की पोटावर हात फिरवून म्हणत, "एक डबा जादाचा जोडला हाय, बावा, म्हणून उशीर." मालधक्क्यावरच्या हमालांनी एकदा हसत हसत त्यांना काट्यावर उभं केलं, तेव्हा काटा दोनशे सोळा पौंडांवर थांबला होता. वय अठ्ठेचाळीस. बायको सुभद्रा सुगरण. भाकरीवर तेलाची धार धरायला बसली की तिचा हात लवकर थांबत नसे. दोन्ही मुली लग्न होऊन शेंदूरजनाघाटला आणि अकोल्याला गेल्या होत्या, पण चौघांचा स्वयंपाक करायची तिची सवय गेली नव्हती, आणि तो संपवायची भगवंतरावांची. एकूण बरं चाललं होतं. १९५८ च्या मे महिन्यातल्या एका दुपारपर्यंत.

त्या दुपारी त्यांची मालगाडी अकोल्याकडे निघाली होती. टाकळी स्टेशन मागे पडलं आणि इंजिनात काहीतरी बिघडून गाडी आडरानातच उभी राहिली. तारेच्या खांबावर फोन जोडून मदतीचं इंजिन मागवलं गेलं. ते बडनेऱ्याहून, म्हणजे मागून येणार होतं. अशा वेळी गार्डचं काम ठरलेलं असतं. लाल झेंडी आणि फटाक्यांची डबी घेऊन रुळांच्या कडेनं मागे अर्धा मैल चालत जायचं, रुळावर तीन फटाके बांधायचे आणि तिथंच उभं राहायचं. चाकाखाली फटाके फुटले की येणाऱ्या ड्रायव्हरला कळतं, अर्ध्या मैलावर गाडी उभी आहे. त्या बेतानं तो ब्रेक लावतो.

भगवंतराव निघाले. खडी तापून निघाली होती, बुटाच्या तळातून चटके लागत होते. गाडी एका वळणाच्या पुढे उभी होती. वळण ओलांडून थोडं पुढे आल्यावर त्यांच्या छातीत भाता चालावा तसा श्वास वाजायला लागला. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. कडेच्या बाभळीला धरून ते उभे राहिले. गाडीपासून फार तर पाव मैल झाला होता. इंजिन यायला तास तरी लागेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. सध्या फटाके इथंच बांधू, जरा दम खाऊ, मग काढून पुढे नेऊ. त्यांनी फटाके बांधले आणि बाभळीच्या विरळ सावलीत बसले. उठायचं उठायचं म्हणत वीसेक मिनिटं गेली.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. बडनेऱ्यात इंजिन तयारच उभं होतं, ते लगेच निघालं होतं.

भगवंतराव धडपडत उठले, झेंडी हलवत दोन पावलं धावले. तीन फटाके फाड फाड करून फुटले. इंजिन त्यांच्या अंगावरून वारा सोडत पुढे गेलं. ड्रायव्हरचा वाकलेला चेहरा दिसला न दिसला, चाकांखालून ठिणग्या उडाल्या, आणि इंजिन वळणाआड गेलं. ब्रेक किंचाळत राहिले. मग एकदम सगळं शांत झालं.

धडक झाली की नाही, कळायला मार्ग नव्हता. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. भगवंतराव धावायला गेले आणि दहा पावलांत वाकून उभे राहिले. पुन्हा धावले, पुन्हा थांबले. ब्रेकव्हॅनच्या सावलीला रुळाची डागडुजी करणाऱ्या गँगमधल्या दोन बाया पाणी पीत बसल्या होत्या. निघताना भगवंतरावांनीच त्या बायांना "बसा वं सावलीले" म्हटलं होतं. ते आता त्यांना आठवलं. तो पाव मैल चालायला त्यांना किती वेळ लागला ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही.

वळण संपलं. इंजिन उभं होतं. त्याच्या आणि ब्रेकव्हॅनच्या मधे दहा-बारा हातांची जागा होती. बाया रुळाच्या उतारावर घसरून पडल्या होत्या. त्यांतली पार्बताबाई गुडघ्यावरचं रक्त पदरानं टिपत होती.

इंजिनावरून ड्रायव्हर खुशालराव काळमेघ उतरले. पन्नाशीचा माणूस, तोंडानं फटकळ. ते थेट भगवंतरावांसमोर आले.

"गार्डसाहेब, फटाके कोठी लावले होते?"

"अर्ध्या..." भगवंतरावांना पुढे बोलवेना.

"या लाईनवर पंधरा वर्सं झाली मले. पाव मैल अन् अर्धा मैल कळत नाई का मले?" खुशालरावांनी उताराकडे बोट दाखवलं. "त्या बायाइकडे पाहा. नीट पाहा."

भगवंतरावांनी पाहिलं. ते खाली खडीवर बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला खुशालराव त्यांच्या क्वार्टरच्या दारात उभे होते.

"मी रिपोर्ट लिहून ठेवली हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "अजून देली नाई. लपवली तर मीही गुन्हेगार, ते मले समजते. तुमी आजपासून रजा टाका. अर्धा मैल न थांबता चालून दाखवा, मंग फाडतो. तवरलोक गाडीवर पाय ठेवाचा नाई. ठेवला तर त्याच दिवशी कागद साहेबाच्या टेबलावर."

"अन् नाई जमलं तर?"

"तर गार्डकी सोडा. चाला आता."

ते नत्थुजीच्या फाटकापाशी गेले. नत्थुजी तिथला फाटकवाला. पंचावन्नचा, एकेकाळी अमरावतीच्या आखाड्यात कुस्त्या मारलेला, आता गुडघ्यांनी कुरकुरणारा आणि पोटानं भगवंतरावांच्या बरोबरीचा. फाटकापासून दूरच्या सिग्नलापर्यंत रुळांलगत पायवाट होती, बरोबर अर्धा मैल. पहिल्या दिवशी भगवंतराव त्या वाटेवर पाच वेळा थांबले. पाचव्या वेळी ते ओकले. खुशालराव शेजारी नुसते उभे राहिले. त्यांचाही श्वास वर आला होता, हे भगवंतरावांच्या तेव्हा लक्षात आलं.

"मलेही डॉक्टरनं सांगतलं हाय," खुशालराव पलीकडे बघत म्हणाले. "लघवीत साखर सापडली. चालाले सांगतलं. एकट्याच्यानं होत नाई."

परतल्यावर नत्थुजीनं दोघांना फाटकाच्या खोलीबाहेर बसवलं आणि पाणी दिलं. "माहा आखाडा सुटला," तो म्हणाला, "पन खुराक नाई सुटला. उद्या डुटीतून सुटलो का मीही येतो."

असे ते तिघं झाले. नियम नत्थुजीनं घातला: जो सगळ्यांत सावकाश, त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं, पण थांबायचं नाही. आणि आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते चालता चालता सांगायचं. खोटं सांगितलं किंवा लपवून खाल्लं तर दहा बैठका. पहिल्या आठवड्यात भगवंतरावांनी चाळीस बैठका मारल्या. नत्थुजीनं त्यांना श्वास नाकानं कसा घ्यायचा, पाय कसा टाकायचा ते शिकवलं. पण दर सकाळी फाटकाशी पोचताना भगवंतरावांची नजर खुशालरावांच्या सदऱ्याच्या खिशाकडे जाई. घडी घातलेला कागद तिथं असे. कधी पांढरी कड वर दिसे. त्या कडेनं त्यांची झोप उडवली होती.

घरी त्यांनी फक्त "डॉक्टरनं सांगतलं" एवढंच म्हटलं होतं. दुसरी भाकरी त्यांनी परत सारली की सुभद्राबाईंचा चेहरा पडे. तिसऱ्या आठवड्यात रविवारी त्यांनी वडाभात केला, वर लसणाची फोडणी कढकढवून ओतली. भगवंतराव तीनदा वाढून घेऊन जेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बाहेर खुशालराव आणि नत्थुजी येऊन पायरीवर बसले. हाक मारली नाही. उजाडलं, शेजारी दारं उघडू लागली, तरी दोघं बसूनच. शेवटी सुभद्राबाई बाहेर आल्या.

"तुमी दोघं त्याइच्या जिवावर काहून उठले?" त्या संतापून म्हणाल्या. "माणूस हाय का बैल? रोज हाकून नेता, धड खाऊ देत नाई."

खुशालराव उठले आणि त्यांनी मे महिन्यातली ती दुपार जशीच्या तशी सांगितली. फटाके कुठे होते, गार्ड कुठे बसले होते, मधे किती हात उरले होते. आत भगवंतरावांना एकेक शब्द ऐकू येत होता. त्यांनी चादर तोंडावर ओढली.

सुभद्राबाई आत आल्या.

"त्या बाया मेल्या असत्या?"

"हो."

"माह्या हातचं खाऊन तुमी इतके जड झाले, का चालता येईना?"

"तुह्याकडं काई नाई. मी बसलो. उठाचं म्हटलं असतं तर उठता आलं असतं." हे त्यांनी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सुभद्राबाईंनी चादर ओढून बाजूला टाकली. "उठा. मीही येते."

त्या दिवशी वसाहतीनं पाहिलं: पुढे तीन पोटवाले गडी, आणि त्यांच्या मागे दहा पावलांवर पदर घट्ट खोचून पोहरे गार्डाची बायको. बायका खिडकीतून बघून हसल्या. एकीनं तर नळावर विचारलंच, पोलिसात भरती व्हायचं आहे काय. सुभद्राबाई घागर उचलून निघून आल्या. पण दुसऱ्या दिवशीही त्या गेल्या. स्वयंपाक त्या आता दोघांचाच करू लागल्या. तेलाच्या बुधलीला त्यांनी लहानशी पळी बांधून टाकली.

जून संपता संपता एक दिवस भगवंतराव फाटकापासून सिग्नलापर्यंत गेले आणि न थांबता परत आले. पाठ घामानं भिजली होती, पण श्वास जाग्यावर होता. पट्टा तीन भोकं आत गेला होता. खुशालरावांनी खिशातला कागद काढला. "घ्या, तुमच्या हातानं फाडा."

भगवंतरावांनी हात पुढे केला नाही.

त्याचं कारण आदल्याच दिवशी घडलं होतं. रुळावर काम करणारी पार्बताबाई त्यांना वाटेत भेटली होती. तिनं डोईवरची पाटी उतरवून रामराम केला आणि म्हणाली होती, "साहेब, तुमी तवा जिवाच्या आकांतानं धावत आले, मी पायलं. आमच्यासाठी कोण धावते?" ती गेली आणि भगवंतराव वाटेतच बसले होते.

"कागद नका फाडू," ते आता म्हणाले. "मीच साहेबाले सांगतो."

खुशालरावांचा चेहरा काळवंडला. "दीड महिना मी तो कागद खिशात ठेवला. तुमी सांगतलं तर मले विचारतील, काहून ठेवला? माही नोकरी घालवता का?"

"तुमचं नाव येणार नाई."

"ड्रायव्हरचं नाव कसं येणार नाई? इंजिन का आपोआप आलं?"

दोघं फाटकाशी एकमेकांवर ओरडले. नत्थुजी मधे पडला नसता तर गचांडी धरली गेली असती. त्या रात्रभर विचार करून भगवंतरावांनी अर्ज लिहिला. फटाके पाव मैलावर लावले, दम नव्हता म्हणून बसलो, चूक सर्वस्वी माझी. आणि पुढे एक वाक्य: ड्रायव्हरनं विचारलं तेव्हा मी फटाके नेमात लावल्याचं सांगितलं. अर्जातलं तेवढंच वाक्य खोटं होतं, खुशालरावांना वाचवण्यापुरतं. ते लिहिताना त्यांचा हात अडखळला नाही.

साहेबांनी अर्ज वाचून चष्मा काढला. भगवंतरावांना गाडीवरून उतरवून यार्डात बसवण्यात आलं. ऑक्टोबरात भुसावळला डॉक्टरी तपासणी. तिथं नापास झाले तर पुन्हा गाडी नाही. खुशालरावांना कुणी काही विचारलं नाही. तरी ते चार दिवस चालायला आले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि आदल्या दिवशी काय खाल्लं ते सांगू लागले.

पावसाळ्यात पायवाट चिखलानं भरली. ऑगस्टमधे खुशालराव मागे पडू लागले. नेमाप्रमाणे सगळे त्यांच्या चालीनं चालू लागले. "बूट चावून राहिला," ते म्हणत. एका सकाळी नत्थुजीच्या खोलीबाहेर बूट काढताना ते थबकले आणि बूट तसाच ठेवला. सुभद्राबाईंचं लक्ष गेलं. मोज्याच्या टोकाशी काळपट डाग होता आणि वास येत होता.

"दादा, काढा तो मोजा."

"काई नाई, वहिनी."

"काढा म्हणते ना!"

दोन बोटं निळी-काळी पडली होती. मधे जखम होती. खुशालरावांना ती दुखतही नव्हती, आणि नेमकी तीच गोष्ट वाईट होती.

"दवाखान्यात चला," भगवंतराव म्हणाले.

"दवाखान्यात गेलो का इंजिनावरून उतरवतील. आज माही गाडी हाय. परवा पाहू." आणि ते लंगडत निघून गेले.

भगवंतराव घरी आले, अंघोळ केली, ताटावर बसले आणि उठले. गाडी अकराला होती. ते इंजिनांच्या शेडकडे निघाले आणि चालता चालता धावू लागले. सगळं यार्ड ओलांडून ते धावत गेले. धावतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. खुशालराव इंजिनाच्या शिडीशी पोचले होते. भगवंतराव शिडी आणि त्यांच्या मधे उभे राहिले.

"हटा."

"नाई हटत."

"भगवंतराव, लोक पाहून राहिले. हटा."

"पाहू द्या. पाय गेला तर काय कराल? अन् ब्रेक लावाच्या वक्ताले तो पाय लटपटला तर?"

खुशालरावांनी त्यांना खांद्यानं ढकललं. दोन-तीन महिन्यांमागे त्या धक्क्यानं भगवंतराव कोसळले असते. आज ते हलले नाहीत. फोरमन धावत आला. खुशालरावांनी एकदा शिडीवर पाय टाकला. तो घसरला, आणि मोज्यातून रक्त पायरीवर आलं. फोरमननंच त्यांना शिडीपासून बाजूला घेतलं.

अमरावतीच्या दवाखान्यात त्यांची दोन बोटं काढली. आणखी आठवडाभरानं घोट्यापासून पाय काढावा लागला असता, डॉक्टर म्हणाले. इंजिनावरून मात्र ते कायमचे उतरले. भगवंतराव दर दिवसाआड बडनेऱ्याहून सायकल मारत दवाखान्यात जात. खुशालराव भिंतीकडे तोंड फिरवत. भगवंतराव अर्धा तास खाटेशी बसून परत येत.

ऑक्टोबरात ते भुसावळला एकटेच गेले. डॉक्टरनं वजन केलं: एकशे शहात्तर पौंड. छाती तपासली, डोळे तपासले. मग म्हणाला, "जागच्या जागी उड्या मारा. मी सांगेपर्यंत." भगवंतराव उड्या मारू लागले. डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिला. वीस, तीस, चाळीस. पोटऱ्या भरून आल्या, कानात रक्त ठोकू लागलं. थांबा म्हणेना. त्यांनी तोंड मिटून श्वास नाकानं घेतला, नत्थुजीनं शिकवल्यासारखा, आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके येतात का ते बघत राहिले. आले नाहीत. डॉक्टरनं नाडी धरली, दोन मिनिटं सोडली, पुन्हा धरली. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"काय करता तुम्ही?" त्यानं विचारलं.

"चालतो, साहेब."

"एकटे?"

"नाई. चौघं." मग त्यांनी चूक दुरुस्त केली. "सध्या तिघं."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं. सहा महिने मालगाडीसाठी पात्र, मग पुन्हा तपासणी. भगवंतराव बाहेर आले आणि फलाटावरच्या बाकड्यावर बसून तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

खुशालरावांचं तोंड फिरवणं दिवाळीनंतरही चाललं होतं. त्यांना स्टोअरमधे बसायची नोकरी मिळाली होती. सुभद्राबाई रोज सकाळी परत येताना त्यांच्या दारापाशी थांबून आत आवाज देत, "वहिनी, आज दादा काय जेवले?" आणि त्यांची बायको ललिता आतून सांगे. हे उत्तर ऐकायलाच त्या थांबत. डिसेंबरातल्या एका थंड सकाळी तिघंही दाराशी थांबले होते, तेव्हा ललिताबाईंऐवजी खुशालरावच काठी टेकत दारात आले.

"दोन भाकरी खाल्ल्या," ते म्हणाले. "अन् गूळ. लपवून."

"दहा बैठका," नत्थुजी म्हणाला.

"या पायानं?"

"मंग चाला."

खुशालरावांनी भगवंतरावांकडे पाहिलं. "मले इंजिनाची आठवण येते," ते म्हणाले. "रोज येते. तुमाले माफ केलं असं समजू नका."

"नाई समजत," भगवंतराव म्हणाले, आणि त्यांच्या काठीच्या बाजूनं जाऊन उभे राहिले.

ते चौघं फाटकाकडे निघाले. पाऊल टाकायचं, थांबायचं, काठी टेकायची. सिग्नल फार दूर दिसत होता. शंभरेक पावलांवर खुशालराव एकदम भडकले, "इतले हळू काहून चालून राहिले? मले काय मयताले घेऊन चालले का?" सुभद्राबाईंना हसू आवरेना, आणि त्या दहा पावलं मागे राहायचं विसरून पुढे झाल्या.

पुढे ललिताबाई आल्या, मालधक्क्यावरचे दोन कारकून आले, नळावर हसणारी ती बाईही आली. भगवंतरावांचं वजन मधे एकदा वीस पौंड चढलं आणि त्यांना पुन्हा उतरवावं लागलं. १९६८ साली ते गार्ड म्हणूनच निवृत्त झाले. खुशालरावांनी त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावलं, पानात एकच भाकरी वाढली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिले.